ब्रेस्ट कॅन्सरची किमो: एसी-टी, टीसी की सीएमएफ? औषधं शेजारी शेजारी ठेवून

घरात कोणाला ब्रेस्ट कॅन्सर निघाला की आठ-दहा दिवसांत सगळं घर अक्षरांत बोलायला लागतं. ईआर, पीआर, हर-टू, एसी, टी, टीसी. डॉक्टर ओपीडीत भराभर सांगतात, आपण मान डोलावतो आणि घरी आल्यावर एकमेकांना विचारतो की नक्की काय म्हणाले ते. आमच्याकडे हे दोनदा झालं, आधी जावेला आणि नंतर आत्याला, आणि दोघींना वेगवेगळी किमो लागली, त्यामुळे "हिला ती दिली मग तिला ही का" यावर जेवणाच्या ताटावर भरपूर वाद झाले. मी डॉक्टर नाही, पण दोघींच्या फायली मीच सांभाळल्या आणि वाचायची खोड आहे, म्हणून जे समजलं ते इथे मांडतेय. हे सगळं सुरुवातीच्या स्टेजच्या कॅन्सरबद्दल आहे, म्हणजे स्तनात किंवा काखेत आहे पण हाडं-लिव्हर-फुफ्फुसात गेलेला नाही असा. पसरलेला असेल तर सगळा हिशोबच वेगळा.

आमच्याकडे प्रत्येक नातेवाइकाने विचारलेला प्रश्न एकच, किमो स्ट्राँग आहे का माइल्ड? याचं उत्तर मिळूनही हाती काही लागत नाही. कारण एक औषध हृदयाला त्रास देतं, दुसरं हातापायाच्या नसांना, तिसरं पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतं, आणि चौथं पाळी कायमची बंद करू शकतं. तेव्हा विचारायचं हे की माझ्या गाठीला कुठल्या औषधाचा किती फायदा, आणि त्यातलं कुठलं नुकसान माझ्या शरीराला परवडणार नाही. आत्याला बीपी, वय सदुसष्ट आणि एक स्टेंट. जाऊ चाळिशीची, हृदय ठणठणीत, पण काखेतल्या तीन गाठींत कॅन्सर. फरक इथूनच सुरू झाला.

आधी किमो लागतेय का ते बघा

हे वगळून लोक थेट औषधांवर येतात. ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ हॉर्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे पेशीवरचं वाढ करायला लावणारं प्रोटीन, ते जास्त नाही) आणि काख स्वच्छ (तिथल्या गाठींत कॅन्सर नाही) असेल तर बऱ्याच बायकांना किमोशिवाय फक्त हॉर्मोनच्या गोळ्यांवर भागतं. २०१८ मध्ये आलेल्या टेलरेक्स नावाच्या मोठ्या अभ्यासात ऑन्कोटाइप डीएक्स ही २१ जनुकांची टेस्ट वापरली होती आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्कोअर २५ पर्यंत असेल तर किमोने वेगळा फायदा दिसला नाही. पन्नाशीच्या आतल्यांना मात्र १६ ते २५ मध्ये थोडा फायदा दिसला. टेस्ट महाग आहे, खर्च लाखांत जातो. बंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही आपल्याकडची टेस्ट त्याहून स्वस्त पडते, पण तिच्यामागे टेलरेक्सएवढा मोठा अभ्यास नाही हे माहीत असू द्या. काखेत गाठी असतील किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) असेल तर बहुतेक वेळा किमो ठरलेलीच असते, मग पुढचं वाचा.

या औषधांची घराणी

किमोचं मूळ तत्त्व सोपं आहे. कॅन्सरच्या पेशी सतत दुभंगत असतात आणि दुभंगण्याआधी त्यांना डीएनएची पूर्ण नक्कल करून तिचे दोन वाटे करावे लागतात. प्रत्येक औषध या कामात वेगळ्या जागी खोडा घालतं. केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, रक्त बनवणारी हाडांतली मज्जा, या आपल्या चांगल्या पेशीही भराभर वाढतात म्हणून त्याही सापडतात. फरक इतकाच की चांगल्या पेशी दोन-तीन आठवड्यांत सावरतात, म्हणून दोन सायकलींमध्ये (म्हणजे किमोच्या दोन फेऱ्यांमध्ये) अंतर ठेवतात. आणि एका सायकलीत सगळ्या कॅन्सर पेशी मरत नाहीत, दर वेळी त्यांचा ठराविक हिस्सा मरतो, म्हणून चार-सहा-बारा वेळा द्यावं लागतं. "दोन किमोत गाठ विरघळली मग बाकीच्या कशाला" असं जावेच्या भावाने विचारलंच होतं, त्याचं उत्तर हे.

ए म्हणजे ॲड्रियामायसिन, औषधाचं खरं नाव डॉक्सोरुबिसिन, लाल किमो म्हणतात ती हीच. इटलीत मातीत सापडलेल्या एका जिवाणूच्या वंशातून हे औषध आलं. ते डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसून बसतं आणि डीएनए कापून पुन्हा जोडणारं टोपोआयसोमरेज-२ नावाचं एन्झाइम असतं, त्याला कापू देतं पण जोडू देत नाही. एपिरुबिसिन हा याचाच चुलतभाऊ, तुमच्या फाईलमध्ये ईसी लिहिलं असेल तर तो, तुलनेपुरतं एसी आणि ईसी एकच धरा.

सी म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. हे पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसच्या नात्यातलं. त्या जातीच्या रसायनांनी पांढऱ्या पेशी कोसळतात हे लक्षात आल्यावर १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी ती जात लिम्फोमाच्या पेशंटवर वापरून बघितली, आणि किमोची सुरुवात तिथून मानतात. सायक्लोफॉस्फामाइड लिव्हरमध्ये गेल्यावर कामाला लागतं आणि डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी घट्ट चिकटवून टाकतं, पर्सची चेन मधेच अडकली की कशी ना पुढे ना मागे, तसं, मग नक्कल करायला धागे उघडतच नाहीत.

टी मध्ये दोन औषधं येतात आणि इथे लोक गोंधळतात. एसी-टी मधला टी बहुतेक वेळा पॅक्लिटॅक्सेल, टीसी मधला टी डोसीटॅक्सेल. दोन्ही यू नावाच्या झाडांच्या घराण्यातले. पेशी दुभंगताना डीएनएचे वाटे दोन बाजूंना ओढून नेणारे बारीक धागे असतात, ते काम झालं की सुटावे लागतात, आणि टॅक्सेन (हे या दोन्हींच्या घराण्याचं नाव) औषध त्या धाग्यांना ताठ करून ठेवतं, सुटूच देत नाही. हे नेमकं कसं होतं ते सुझान हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. पण त्याच्या आधीची गोष्ट आपल्या जवळची आहे. पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल वेगळं काढून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली ती अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, आणि हे वाणी जन्माने नंदुरबारचे, शिकलेले मुंबई विद्यापीठात. डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर खानदेशातल्या एक मावशी होत्या, त्यांना मी हे सांगितलं तर त्यांनी सलाइनच्या बाटलीकडे बघून "आमच्या गावाकडचा का हा" म्हणून विचारलं, सगळ्या डे-केअरला हसू आलं.

सीएमएफ मधला एम म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि एफ म्हणजे फाइव्ह-एफयू. ही दोन्ही पेशीला कच्च्या मालात फसवतात. मेथोट्रेक्सेट फोलिक ॲसिडचं काम अडवतं, त्यामुळे डीएनएची अक्षरंच तयार होत नाहीत. फाइव्ह-एफयू हे नकली अक्षर आहे, पेशी त्याला खरं समजून उचलते आणि अडकते.

फायदा कोणाचा जास्त

इथे थोडं सावकाश, कारण इंटरनेटवर सगळ्यात जास्त घोळ याच मुद्द्यावर आहे. "टीसी ही एसीपेक्षा चांगली" असं तुम्ही वाचाल आणि ते खरं आहे, पण अर्धं. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात चार सायकल टीसी आणि चार सायकल एसी यांची तुलना झाली, सात वर्षांनी टीसीच्या गटात ८१ टक्के बायका आजार परत न येता ठीक होत्या, एसीच्या गटात ७५ टक्के. पण ती एसी एकटी होती, तिच्यामागे टी नव्हता. आज एसी एकटी सहसा कोणी देत नाही. खरी तुलना एसी-टी विरुद्ध टीसी अशी हवी, आणि ती एबीसी ट्रायल्समध्ये झाली, २०१७ मध्ये निकाल आले. चार वर्षांनी ए आणि टी दोन्ही मिळालेल्या गटात ९०.७ टक्के आणि सहा सायकल टीसीच्या गटात ८८.२ टक्के. म्हणजे शंभर बायकांत अडीचचा फरक. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण आलं त्यातही दहा वर्षांनी फरक साधारण तेवढाच, लाल औषध घातलं तर शंभरात अडीचेक जणींचा आजार परत यायचा टळला.

अडीच म्हणजे जास्त की कमी? हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. ट्रिपल निगेटिव्ह किंवा काखेत बऱ्याच गाठी असतील तर फरक याहून मोठा पडतो आणि मग ए सोडणं मला तरी पटत नाही. हॉर्मोन पॉझिटिव्ह आणि काख स्वच्छ असेल तर फरक जवळपास मिटतोच, जर्मनीत झालेल्या प्लॅन बी अभ्यासात सहा सायकल टीसी ही ईसी-टीच्या बरोबरीने टिकली होती. आत्याच्या बाबतीत डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं, की तुमच्या गाठीला लाल औषधाने मिळणारं थोडं आहे आणि तुमच्या हृदयाला होऊ शकणारं नुकसान त्याहून जास्त आहे.

सीएमएफ सगळ्यात जुनी, मिलानच्या बोनाडोना यांनी १९७६ मध्ये तिचे निकाल छापले तेव्हा ऑपरेशननंतर किमो देऊन आजार परत येणं कमी होतं हे पक्कं झालं. नंतरच्या अभ्यासांत सहा सायकल सीएमएफ आणि चार सायकल एसी बरोबरीच्या निघाल्या. म्हणजे आजच्या एसी-टीच्या मागेच, पण वयस्कर बाई, हृदयही नाजूक आणि नसाही खराब, अशा वेळी ती अजूनही कामाला येते. तरुण बाईला कोणी सीएमएफ सुचवली तर मी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेईन.

हृदय

लाल औषधाचा हृदयावरचा परिणाम साठत जातो, म्हणून आयुष्यभराची मर्यादा असते. डोस वजन आणि उंचीवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो, उंची १५० सेंमी आणि वजन ६० किलो असेल तर पृष्ठभाग साधारण १.५८ चौरस मीटर येतो, प्रत्येक चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी पंचाण्णवच्या आसपास मिलिग्रॅम. चार सायकलींत चौरस मीटरला २४० होतात आणि धोका वेगाने वाढतो तो ४५०-५५० च्या पुढे. म्हणजे धडधाकट हृदयाला चार सायकल सहसा झेपतात, हार्ट फेल व्हायचं प्रमाण शंभरात एक-दोन. पण पासष्टीच्या पुढचं वय, बीपी, आधीचा हार्ट अटॅक, नंतर डाव्या बाजूला रेडिएशन, यांनी तो आकडा चढतो. टू-डी इको काढल्याशिवाय पहिली लाल सायकल घेऊच नका. टीसी आणि सीएमएफमध्ये ही काळजी बरीच कमी, फक्त फाइव्ह-एफयूने क्वचित छातीत दुखू शकतं, तसं झालं तर लगेच सांगायचं.

लाल औषधाचा आणखी एक त्रास, शिरेच्या बाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. म्हणून नर्स ते मोठ्या सिरिंजने स्वतः शेजारी बसून, सलाइन चालू ठेवून, हळूहळू ढकलते आणि दर मिनिटाला विचारते की जळजळतंय का. विचारलं की खरं सांगायचं, "थोडंसंच आहे, चालेल" असलं सोसणं इथे नको. शिरा बारीक असतील तर पिक लाइन (दंडातून आत घातलेली लांब नळी) किंवा छातीत पोर्ट (कातडीखाली बसवलेली सुई टोचायची डबी) बसवून घ्या, त्यासाठी दोन सुया जास्त परवडल्या. आणि त्या दिवशी लघवी लाल होते. जावेला हे कोणी सांगितलंच नव्हतं, रात्री घाबरून आम्ही पुन्हा हॉस्पिटल गाठायला निघालो होतो. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. एक-दोन दिवसांनंतरही लाल राहिली किंवा लघवीला आग झाली तर मात्र सी चा मूत्राशयावर परिणाम असू शकतो, त्यासाठी त्या दिवसांत भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही.

नसा

हृदयासाठी लाल औषध टाळलं म्हणजे सुटलो असं नाही, टॅक्सेन नसांना धरतं. आणि याबाबतीत दर आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल ही डोसीटॅक्सेलपेक्षा वाईट. जवळपास पाच हजार बायकांच्या एका अभ्यासात, निकाल २००८ चे, एसीनंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल ही तीन आठवड्यांनी एकदा देण्यापेक्षा सरस निघाली पण मुंग्या-बधिरपणाचा त्रासही तिच्यातच जास्त. जावेला सातव्या-आठव्या डोसपासून बोटांची टोकं मऊ कापडाने गुंडाळल्यासारखी वाटायला लागली, मग ब्लाउजचे हुक लागेनात, सुईत दोरा जाईना, पुढे तर तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसला तो दिसल्यावर कळला. तिने हे सगळं डॉक्टरांपासून लपवलं, औषध थांबवतील म्हणून. असं करू नका. वेळेत सांगितलं तर डोस कमी करतात, एखादा आठवडा सोडतात किंवा डोसीटॅक्सेलवर नेतात, आणि उशीर झाला तर बधिरपणा वर्षभर किंवा कायमचाही राहू शकतो.

ज्यांना डायबिटीसमुळे आधीच पायाला मुंग्या आहेत त्यांनी हे पहिल्याच भेटीत बोला, यावरून टी कुठला हे बदलू शकतं. शिवाय टॅक्सेनच्या आधी रिॲक्शन येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, त्याने शुगर दोन-तीन दिवस उसळते. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावणात मिसळतात आणि रिॲक्शनचं मुख्य कारण ते द्रावणच. पहिल्या दोन डोसांत सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं पेशंटजवळच थांबा, चेहरा लाल होणं, छाती भरून येणं, पाठीत कळ, असं काही दिसलं की नर्सला हाक मारा. एक अल्ब्युमिनवाली पॅक्लिटॅक्सेल येते तिच्यात हे द्रावण नसतं पण ती महाग आहे आणि सगळ्यांना लागत नाही.

आणि हे जरा मोठ्याने सांगते, नसांसाठी म्हणून मेडिकलवाल्याकडून टॉनिकची गोळी आणू नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत असिटिल-एल-कार्निटिन असतं, आणि टॅक्सेन घेणाऱ्या बायकांवर झालेल्या अभ्यासात त्याने नसांचा त्रास उलट वाढला. डे-केअरमध्ये बर्फाचे हातमोजे-मोजे मिळत असतील तर घाला, काही अभ्यासांत फायदा दिसलाय आणि तोटा फक्त थंडीचा.

ताप, उलटी, केस

डोसीटॅक्सेलचा धोका पांढऱ्या पेशींचा. टीसीमध्ये सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पेशी तळाला जातात आणि तेव्हा साधा ताप म्हणजेही इमर्जन्सी. म्हणून दुसऱ्या दिवशी पोटात ग्रोथ फॅक्टरची (पांढऱ्या पेशी वाढवणारी) सुई देतात, विशेषतः वय जास्त असेल तर ती टाळू नका, अंग आणि कंबर दुखते पण दुखू दे. १००.४ च्या वर ताप गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्री दोन वाजले तरी निघायचं. आत्याच्या दुसऱ्या सायकलीनंतर हेच झालं, चार दिवस ॲडमिट, सलाइनमधून अँटिबायोटिक, मग ठीक. एसीमध्येही पेशी पडतात, दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये मात्र त्या मानाने बरंच कमी.

उलटीच्या बाबतीत एसी सगळ्यात वाईट. पण आता त्यावर औषधं चांगली आहेत, चार औषधं एकत्र देतात आणि त्यातलं ओलान्झापिन खरोखर काम करतं. त्याने झोप फार येते ही तक्रार असते, तर आपल्या टाटा मेमोरियलनेच अभ्यास करून २०२४ मध्ये दाखवलं की नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमनेही उलटी तेवढीच आटोक्यात राहते आणि गुंगी कमी येते. पेशंट दिवसभर झोपून राहत असेल तर हे विचारायला हरकत नाही. टीसीला मळमळ मध्यम. पॅक्लिटॅक्सेलला जवळपास नाहीच, जाऊ बटाटेवडा खाऊन आली होती एकदा.

केस एसी-टी आणि टीसी दोन्हींत जातात, दोन-तीन आठवड्यांत. सीएमएफमध्ये विरळ होतात पण बऱ्याच जणींचे पूर्ण जात नाहीत, आणि खरं सांगायचं तर काही बायका फक्त यासाठी सीएमएफ मागतात, त्यांना मी हसणार नाही. डोसीटॅक्सेलमध्ये थोड्या जणींचे केस नंतरही पूर्वीसारखे दाट येत नाहीत, ते आधी सांगितलं जात नाही म्हणून इथे लिहितेय. डोसीटॅक्सेलचे आणखी दोन छळ, नखं काळी पडून सुटतात आणि डोळ्यातून सारखं पाणी. आत्याला वाटायचं सगळ्यांना आपण रडतोय असं वाटतं.

पाळी आणि मूल

चाळिशीच्या आत असाल आणि पुढे मूल हवं असेल तर हा विषय पहिल्या सायकलीच्या आधी काढा. तिन्ही पर्यायांत सी आहेच आणि अंडाशयाला सगळ्यात जास्त मारतो तोच, सीएमएफमध्ये तर त्याची एकूण मात्रा सगळ्यात जास्त जाते. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तेवढा वेळ बहुतेक वेळा मिळतो. किमो चालू असताना दर महिन्याला गोसेरेलिनची सुई देऊन अंडाशय झोपवून ठेवतात, त्याचाही उपयोग होतो. आपल्याकडे सासरची माणसं समोर असताना हे कोणी विचारत नाही आणि डॉक्टरही घाईत असतात, तर नवरा-बायको दोघंच जाऊन विचारा.

किती फेऱ्या, किती पैसे

एसी-टी म्हणजे आधी तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा आणि मग दर आठवड्याला बारा वेळा, एकूण सोळा फेऱ्या आणि सहा महिने. टीसी चार सायकल असेल तर चार फेऱ्या आणि तीन महिन्यांच्या आत मोकळे. सीएमएफ जुन्या पद्धतीने घेतली तर सहा महिने, महिन्यात दोन सुया आणि बाकी गोळ्या. हे ऐकून टीसीकडे मन धावतं, आमचंही धावलं होतं जावेच्या वेळी, पण तीन गाठी पॉझिटिव्ह असताना फेऱ्या मोजून औषध ठरवणं बरोबर नाही.

त्याऐवजी एसी-टीच नीट बसवता येते का बघा. दोन-दोन आठवड्यांनी देण्याची पद्धत आहे, डोस-डेन्स म्हणतात, त्यात एसी चार आणि पॅक्लिटॅक्सेल चार अशा आठच फेऱ्या होतात आणि चार महिन्यांत संपतं, ग्रोथ फॅक्टरची सुई मात्र प्रत्येक वेळी लागते. नाहीतर प्लॅन मोठ्या हॉस्पिटलमध्ये ठरवून आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल घराजवळ घ्या. सोलापूर-धाराशिवकडच्या माणसाने दर आठवड्याला मुंबईत परळला टाटामध्ये यायची गरज नसते, बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, विदर्भात नागपूरला सोय आहे. परळलाच राहावं लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी आधीच करा.

पैशाचं म्हणाल तर ही सगळी औषधं जुनी आहेत, जेनेरिक मिळतात आणि आता त्या मानाने स्वस्त आहेत. बिल फुगतं ते ग्रोथ फॅक्टर, डे-केअरचे चार्जेस आणि ताप येऊन ॲडमिट व्हावं लागलं तर त्याने. म्हणजे चार फेऱ्यांची टीसी कागदावर स्वस्त दिसते पण एक ॲडमिशन झालं की हिशोब बदलतो. छापील किमतीवर जाऊ नका, एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या छापील किमतींत प्रचंड फरक असतो, हॉस्पिटलच्या फार्मसीत कुठला ब्रँड आणि प्रत्यक्ष किती लावणार ते आधी लिहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते, त्यासाठी योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिली सायकल सुरू व्हायच्या आधी भेटायचं, नंतर नाही.

दोन प्रकार ज्यांना वरची तुलना जशीच्या तशी लागू नाही

हर-टू पॉझिटिव्ह असेल तर खरा हिरो ट्रास्टुझुमॅब, ते किमो नाही, हर-टूवर नेम धरणारं औषध आहे, भारतीय कंपन्यांचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं) मिळतं. त्याच्यासोबत किमो लागतेच. इथे फाईलमध्ये टीसीएच लिहिलेलं दिसेल, पण त्यातला सी कार्बोप्लॅटिन, वरच्या टीसीमधला सायक्लोफॉस्फामाइड वेगळा, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्हींची सरमिसळ चालू असते. ट्रास्टुझुमॅबही हृदयाला थोडं जड, म्हणून लाल औषध सोडून टीसीएच देण्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा कल असतो. गाठ लहान आणि काख स्वच्छ असेल तर बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि वर्षभर ट्रास्टुझुमॅब एवढ्यावरही भागतं.

ट्रिपल निगेटिव्हमध्ये किमो बहुधा ऑपरेशनच्या आधी देतात, गाठ किती विरघळली त्यावरून पुढचं ठरतं. तिथे पॅक्लिटॅक्सेलसोबत कार्बोप्लॅटिन घालायचं का यावर जगभर वाद होता, टाटा मेमोरियलच्या अभ्यासात पाळी चालू असलेल्या तरुण बायकांना त्याचा चांगला फायदा दिसला, पन्नाशीपुढच्यांना तसा नाही. कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचं औषध, डीएनएला सीसारखंच चिकटवतं, स्वस्त आहे. तुम्ही पन्नाशीच्या आतल्या आणि ट्रिपल निगेटिव्ह असाल आणि प्लॅनमध्ये कार्बोप्लॅटिन नसेल तर का नाही ते विचारा. इम्युनोथेरपीचंही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) नाव निघेल, पेम्ब्रोलिझुमॅब, तिचा फायदा खरा आहे पण किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर, आणि त्यासाठी शेत विकायच्या आधी त्याच डॉक्टरांना सरळ विचारा की तिच्याविना उरलेल्या प्लॅनमध्ये आमच्या पेशंटचे चान्स किती आणि तिच्यासकट किती, दोन्ही आकडे शंभरात सांगा म्हणावं.